'हॅझबिन हॉटेल'च्या गाण्यांची यादी, आणि 'स्टेड गॉन' पंधरावं? बसा जरा, बोलू

गुहागरचा तुरेवाला
काल इथे एका खेडवाल्या भावाने 'हॅझबिन हॉटेल' ह्या नरकात घडणाऱ्या गाण्यांच्या ॲनिमेटेड मालिकेच्या पहिल्या सीझनच्या सोळाच्या सोळा गाण्यांची यादी टाकली. एक नंबरला 'मोअर दॅन एनीथिंग', दोनला 'पॉयझन' आणि 'स्टेड गॉन' थेट पंधरावं. कारण काय तर म्हणे "चाल नाही, नुसती बडबड, हेडफोनवर दुसऱ्यांदा ऐकवत नाही". बाकीच्या नंबरांवर मी गप्प बसलो असतो, पण हे वाचून डोकंच फिरलं.

अरे बडबड कसली, तो सरळ सवाल-जवाब आहे. व्हॉक्स टीव्हीवाला, अलास्टर रेडिओवाला. व्हॉक्स स्वतःच्या चॅनलवर बसून सगळ्या नरकाला सांगतो की हा सात वर्षं गायब होता, आता याला कोण विचारतंय. आणि अलास्टर आवाजसुद्धा न चढवता रेडिओवरनं सांगतो की ह्यानेच मला आपल्यात ये म्हणून विचारलेलं, मी नाही म्हटलं, त्याची जळजळ आहे ती. खल्लास. पुढे व्हॉक्सची स्क्रीन फडफडायला लागते, आवाज फाटतो आणि शहराची लाईट जाते.

माझे काका शक्ती-तुऱ्यात, म्हणजे आमच्याकडच्या दोन पार्ट्यांच्या सवाल-जवाबाच्या गाण्यात, तुरेवाल्यांकडून गायचे. एका गणपतीत शक्तीवाल्यांचा शाहीर त्यांना भर मांडवात म्हणाला, तुमच्याकडे नवीन काही उरलेलं नाही, जुन्या वह्या उघडून बसता. काकांनी ढोलकी थांबवायला लावली आणि पुढच्याच कडव्यात सांगून टाकलं की ह्याच शाहिराचा माणूस शिमग्याला आमच्या पडवीत येऊन तीच वही मागून गेला होता. त्यानंतर त्या शाहिराचा ताल सुटला तो सुटलाच. चाल विचाराल तर कुणाला आठवत नाही, जवाब अजून वाडीत सांगतात.

खेडचा यादीवाला
यादी माझीच. काकांना नमस्कार, पण मी गाणी कंपनीच्या बसमध्ये ऐकतो, तिथे ना व्हॉक्सची स्क्रीन दिसते ना तुमचा मांडव. गाणं नुसतं कानावर पडून लागलं पाहिजे, हा माझा नियम, यादीच्या वरच लिहिला होता, वाचायचे कष्ट घेतले असते तर दिसला असता. 'मोअर दॅन एनीथिंग' वर का, तर लूसिफर आणि चार्ली, बाप-लेक, इतकी वर्षं नीट बोललेले नाहीत आणि लूसिफरचा आवाज देणारा जेरेमी जॉर्डन ज्या पद्धतीने आवाज उतरवतो ना, तिथे मी दर वेळी खिडकीबाहेर बघतो. माझी मुलगी पुण्याला हॉस्टेलला आहे. फोनवर "जेवलीस का", "हो", "बरं", संपला फोन. तुमच्या जवाबाने हे होतं का सांगा.

कणकवलीचा पखवाजी
रत्नागिरीकरांनू, सवाल-जवाब काय तुमीच शोधल्यात? एकदा भजनाची डबलबारी ऐकूक या मरे आमच्याकडे. दोन बुवा समोरासमोर, दोन पेट्या, आणि भजनातल्या गजराला एकमेकांची अशी काढतात की पब्लिक उभी राहते. आणि राग मानू नका, पण तुमच्या शक्ती-तुऱ्यात आता राहिलंय काय? गण संपला की सिनेमाची चाल, खाली बॅन्जो, वर कर्णे. त्यापेक्षा तो अलास्टर बरा, स्वतःच्या चालीत तरी गातो.

गुहागरचा तुरेवाला
आणि तुमचे बुवा गजराला काय गातात, मेघमल्हार? मागच्या मे महिन्यात तुमच्याच तालुक्यात बसलो होतो, पहिल्या गजराची चाल लागली तशी शेजारचा पोरगा मूळ हिंदी गाणं म्हणायला लागला. आमच्याकडे निदान पायात चाळ बांधून नाचतात तरी, तुमच्याकडे बसून टोमणे.

कणकवलीचा पखवाजी
बसून म्हणे! चार तास पखवाज मांडीवर घेऊन दाखव. आणि चाल हिंदी असली तरी शब्द बुवांचे स्वतःचे, तेही समोरच्याचं ऐकून जागेवर जोडलेले. तुमच्यासारखे घरून पाठ करून आणलेले नव्हेत.

गुहागरचा तुरेवाला
पाठ?? वरची काकांची गोष्ट परत वाचा आणि मग बोला. ह्यांना मुद्दा कळत नाही आणि पखवाज मात्र कळतो.

चिपळूणची मृण्मयी
तुम्ही दोघं मांडवात बसा. मला यादीबद्दल बोलायचंय. 'पॉयझन' दोन नंबरला ठीक, पण खाली कारण लिहिलंय "नाचायला मस्त". दादा, तुम्ही एपिसोड बघितलाय की नुसतं बसमध्ये ऐकलंय? व्हॅलेंटिनो हा एंजलचा मालक, तो त्याला वापरतो, मारतो, आणि त्याच्यावर ती नाचरी चाल ठेवलीये, म्हणून तर ते अंगावर येतं. माझी बहीण त्याच्यावर रील करत होती, तिला एपिसोड दाखवला, रील डिलीट केली तिने. आणि जवाबच हवा असेल तर त्याच एपिसोडमध्ये 'लूझर, बेबी' आहे. हॉटेलातला बारवाला हस्क एंजलची कीव करत नाही, तू वाया गेलास तसा मीही गेलोय, चल, एवढंच. हस्कला कीथ डेव्हिडचा तो घोगरा आवाज. 'पॉयझन'चा खरा जवाब तो आहे आणि तुमच्या यादीत तो नववा!

बाकी त्या मांडवाचं कौतुक मला सांगू नका. लहानपणी रात्रभर आत चहाच्या किटल्या भरत बसायचो आम्ही मुली, कुणाचा जवाब कुणाला बसला ते सकाळी भांडी घासताना कळायचं.

मालवणचा नवखा
शोबा नारायणच्या 'यू डिडन्ट नो'ला कोणीच हात लावला नाही? स्वर्गाच्या भर न्यायालयात देवदूत एमिली तिच्या वरच्या देवदूत सेराच्या विरोधात उभी राहते ते?

गुहागरचा तुरेवाला
मृण्मयीताई, किटलीचं खरं आहे, त्यावर वाद घालायला माझ्याकडे तोंड नाही. आता बायकांच्या पार्ट्या उभ्या राहतायत, पण तेव्हा नव्हत्या. 'लूझर, बेबी' जवाब आहे हेही मान्य. पण बघा, तुम्हीसुद्धा दोन गाणी समोरासमोर ठेवूनच बोलताय! म्हणजे हेडफोनवर सुटं ऐकून नंबर लावणारा तिकडे खेडलाच राहिला.

खेडचा यादीवाला
बरं बाबांनो. 'लूझर, बेबी' चौथं करतो, 'नाचायला मस्त' काढतो, 'यू डिडन्ट नो' सहावं आहेच, यादी उघडून बघा. आणि काकांच्या वहीचा मान म्हणून 'स्टेड गॉन' अकरावं. खूश?

गुहागरचा तुरेवाला
अकरावं?! 'वेलकम टू हेवन'च्या खाली? लहानपणी घरी आकाशवाणी रत्नागिरी लागल्याशिवाय सकाळ झाली नसेल ह्या माणसाची, आणि हा रेडिओवाल्याला अकरावा नंबर देतो.

खेडचा यादीवाला
रेडिओ लागायचा, बातम्यांपुरता. पुढे आई बंद करायची, म्हणायची नुसती बडबड.

कणकवलीचा पखवाजी
आईंका माझो नमस्कार सांगा. आणि तुरेवाले, जत्रेक या, डबलबारी हा. बॅन्जो घरीच ठेवून येवा.