रामन वर्णपटाने (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून) ग्राफीनची उष्णतावाहकता मोजताना आकडा फुगतोय

प्रश्न: एकपदरी ग्राफीन (एका अणूइतका जाड कार्बनचा पदर) ३ मायक्रॉन रुंद खाचेवर टांगलंय, लेसर ४८८ नॅनोमीटर. वर्णपटातलं जी-शिखर तापमानाबरोबर सरकतं, त्या सरकण्यावरून तापमान काढलं, तर वाहकता ९,००० वॅट प्रति मीटर-केल्विन येते. लेसरचं शोषण ६% धरलंय. कुठे चुकतंय?

उत्तर १: शोषणातच. एक पदर दृश्य प्रकाशाचा साधारण २.३%च शोषतो, १ मिलिवॅटमधले जेमतेम २३ मायक्रोवॅट. तेवढं बदललं तरी आकडा ३,४५० वर उतरतो. खाचेच्या तळावरून परतणारा प्रकाश मात्र वेगळा धरा. आरपार भोक असेल तर पॉवरमीटर लावून थेटच मोजा, झंझट नको. आणि जाडी ०.३३५ नॅनोमीटरच घेतलीय ना?

उत्तर २: निर्वातात मोजताय का? हवेतून निसटणारी उष्णता ग्राफीनच्याच खात्यात जमा होते. शिवाय शिखर ताणामुळेही सरकतं, म्हणून प्रति केल्विन ०.०१६ सेंटीमीटर-व्यस्त हा छापील गुणांक डोळे झाकून वापरू नका. त्याच नमुन्यावर, हॉट स्टेजवर (ठरावीक तापमानाला तापवता येणाऱ्या मंचावर), लेसर अगदी मंद ठेवून काढा.

प्रश्नकर्ता: हवेतच मोजलंय! सिलिकावर टेकलेल्या भागात ६००च्या आसपास येतंय, तेही चूकच का?

उत्तर १: नाही, ते बरोबर आहे. पदराला लंब दिशेत थरथरणारे फोनॉन (उष्णता वाहून नेणारी अणूंची कंपनं) आधाराला टेकल्यावर दबतात, आणि वहनाचा मोठा वाटा त्यांचाच.