मेरी मेड यांच्या शाळा आणि आमचे वैशाखातले ऊन

तापीकाठचा ओव्हरसियर (भुसावळ)

‘शाळेला भिंती नकोत’ हा लेख वाचून दोन दिवस गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशीही राग उतरला नाही, म्हणून लिहितो. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे, की युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये मेरी आणि डेव्हिड मेड या वास्तुरचनाकार दांपत्याने ज्या उजेडाच्या, मोकळ्या, मोठाल्या काचांच्या प्राथमिक शाळा बांधल्या, तशा आपल्या खानदेशच्या तीन जिल्ह्यांत बांधल्या असत्या तर मुले शाळेत रमली असती. आणि तसे घडले नाही याला आमच्यासारखे ‘नकाशाचे गुलाम’ जबाबदार आहेत. मी बांधकाम खात्यात 32 वर्षे काढली आहेत. गुलाम म्हणवून घ्यायला माझी हरकत नाही, पण लेखकाने काच सुचवण्यापूर्वी आभाळाकडे एकदा पाहायला हवे होते.

इंग्लंडच्या शाळा-इमारतींच्या 1945 च्या नियमांत असे बंधन होते, की बाहेरच्या मोकळ्या आभाळातून जेवढा उजेड मिळतो त्याच्या किमान 2 टक्के उजेड वर्गात मुलापर्यंत पोहोचला पाहिजे. तिथले आभाळ कित्येक महिने राखेसारखे असते, त्यामुळे एवढा उजेड मिळवायचा तर भिंतीच्या जागी काच येणे ओघानेच आले. आपल्याकडे मार्चमध्ये सकाळी अकरा वाजता अंगणात उभे राहून कोणी डोळे पूर्ण उघडे ठेवून दाखवावेत. तेवढ्या प्रखर उजेडाचा 2 टक्के हिस्सा अडीच फुटी खिडकीतूनही आत येतो, आणि उरलेल्या 98 टक्क्यांना बाहेर कसे ठेवायचे हाच आमचा प्रश्न असतो. होळी झाली की आपण सकाळची शाळा का भरवतो, हे लेखकाने स्वतःच्या आईला विचारले असते तरी पुरले असते.

खुद्द इंग्लंडमध्येही काचेने काय दिवे लावले ते पाहावे. ॲलिसन आणि पीटर स्मिथसन या वास्तुरचनाकार जोडप्याने हनस्टँटन येथे बांधलेली, 1954 साली पूर्ण झालेली लोखंड आणि काचेची शाळा जगभर नावाजली गेली. पण ती उन्हाळ्यात तापत असे, हिवाळ्यात गारठत असे, आणि चौकटी आकसल्या-फुगल्या की तिच्या काचा तडकत असत.

बाईंची वही (चोपडा तालुका)

ओव्हरसियर साहेब, उन्हाविषयी आपण लिहिले ते मान्य आहे. पण हनस्टँटनचे पाप मेडबाईंच्या माथी मारणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर काढण्यासारखे झाले. ती शाळा त्यांची नव्हे. त्यांच्या शाळा बहुतेक बैठ्या, एकमजली, मुलांच्या अंगाला बेतलेल्या असत.

मला लेखकाचा राग आला तो मात्र वेगळ्याच कारणाने. संपूर्ण लेखात ‘डेव्हिड मेड आणि त्यांच्या पत्नी’ असा उल्लेख आहे. या पत्नीचा जन्म 1907 चा आणि यजमानांचा 1917 चा. मेरी क्राउली या नावाने त्या 1941 सालीच हर्टफर्डशायर परगण्याच्या सेवेत शाळांच्या कामावर रुजू झाल्या होत्या. डेव्हिड तिथे आले ते युद्ध संपल्यावर, आणि लग्न झाले 1949 मध्ये, ज्या वर्षी दोघे शिक्षण मंत्रालयाच्या वास्तुशाखेत गेले. मेरी यांचे वडील राल्फ क्राउली हे शाळांचे वैद्यकीय अधिकारी होते. ब्रॅडफर्डमध्ये 1907 साली मुलांना शाळेत जेवण देऊन त्याचा परिणाम वजनकाट्यावर मोजणाऱ्यांपैकी ते एक होते. आधी मूल मोजायचे आणि मग मत बनवायचे, हे वळण त्या घरातूनच आलेले दिसते. आमच्या गावातही नवऱ्याने फक्त चुना मळून दिलेला असतो, तरी फलकावर नाव त्याचेच लागते, त्यामुळे मला नवल वाटले नाही. पण लेखकाने निदान सनावळी तरी पाहायची.

आता खिडकीचे. लेख वाचल्यावर मी वर्गात फुटपट्टी घेऊन बसले. दुसरीतली मुलगी बसकरपट्टीवर मांडी घालून बसली, की तिचे डोळे जमिनीपासून 52 सेंटीमीटरवर येतात. आमच्या खिडकीचा कडप्पा, म्हणजे खालची दगडी कड, 92 सेंटीमीटरवर आहे. त्या मुलीला दिवसभरात बाहेरचे दिसते ते एवढेच: निंबाचा शेंडा आणि वीजतारेवर बसलेला होला. काच नको, हे ठीक. पण खिडकी खाली घ्यायला कोणत्या सूर्याची आडकाठी होती, ते आपण सांगावे.

खारी माती (अमळनेर)

आपण दोघे खिडकीवर भांडत आहात आणि डोक्यावर तापलेल्या पत्र्याचे कोणाला काहीच वाटत नाही, याची मौज वाटते. माझे वडील ज्या शाळेत शिकले ती धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची होती. दोन फूट जाडीची मातीची भिंत, सागाच्या तुळया, त्यांवर बारीक लाकडांची दाट मांडणी, मग मातीचा थर आणि सर्वांत वर खारी माती. वैशाखात दुपारी दोन वाजता त्या खोलीत शिरले की अंगावरचा घाम सुकत असे. ती पाडून आपल्यासारख्या जाणत्यांनी पत्र्याची खोली उभारली. तीत मी शिकलो. मृग बरसू लागला की गुरुजींचे ओठ हलताना दिसत, आवाज येत नसे. आमचे निम्मे पाढे केवळ ओठांच्या हालचालींवरून पाठ झाले आहेत. मेडबाईंचे गुण गाण्याआधी आपल्या आजीच्या घराचे छत पाहिले असते तर ही चर्चा झालीच नसती.

तापीकाठचा ओव्हरसियर (भुसावळ)

खारी माती, आपल्या वडिलांना धाब्याखाली गारवा मिळाला, कारण दर ज्येष्ठात कोणीतरी वर चढून नवी खारी पसरत होते, पन्हाळी मोकळ्या करत होते आणि उगवलेले गवत उपटत होते. आपल्या घरी ते काम आपल्या आजोबांनी केले असेल. शाळेच्या धाब्यावर कोण चढणार? मुख्याध्यापक? मी ज्या तीन धाब्याच्या खोल्यांची पाहणी केली, त्यांतल्या एका खोलीत तुळईचे टोक भिंतीत कुजून हाताने चुरा होत होते, आणि तिच्याखाली पहिलीचा वर्ग भरत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी निर्लेखनाचा, म्हणजे ती खोली मोडीत काढण्याचा प्रस्ताव मीच पाठवला, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होत नाही. गारव्याच्या आठवणी काढणारे बहुतेक जण आज स्लॅबखाली कूलर लावून बसलेले असतात.

खारी माती (अमळनेर)

माझ्याकडे कूलर आहे, आणि तो स्लॅबमुळेच घ्यावा लागला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते आपल्या अंगावर ओकतो. आणि देखभालीचे आपण काय सांगता? स्लॅबची तरी देखभाल होते का? गळती लागली की त्यावर पत्रा टाकायचा आणि पत्रा उडाला की पंचनामा करायचा, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. धाब्याला निदान गावातला माणूस दुरुस्त करू शकत होता. आपल्या छताला ठेकेदार लागतो, आणि तो देयक निघाल्यानंतर कोणाला सापडल्याचे ऐकिवात नाही.

तापीकाठचा ओव्हरसियर (भुसावळ)

ठेकेदाराची बिले मी तपासत होतो, त्यामुळे हा टोला कोणाला आहे ते मला कळते. आपण माझ्यावर थेट आरोप करावा, म्हणजे उत्तर देणे सोपे जाईल.

कर्कटक (धुळे)

व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे, म्हणून मध्ये पडतो. छतावर आपण उद्यापर्यंत भांडाल. पण मूळ लेखातली सर्वांत मोठी चूक तशीच राहून जाईल. लेखक म्हणतो, की मोकळे वर्ग हे मेड यांचे स्वप्न होते. ते अर्धसत्य आहे. सरकारने प्राथमिक शाळेचा खर्च दर विद्यार्थ्यामागे 1950 साली 170 पौंडांवर आणि पुढच्याच वर्षी 140 पौंडांवर आणून बांधला. त्या रकमेत शिकवण्याची जागा राखायची, तर ये-जा करण्याची जागा कापावी लागली. लांबलचक बोळ गेले आणि चालण्याच्या वाटेवरही मुले बसू लागली. मोकळेपणा काही अंशी कात्रीतून आलेला आहे. आपण तेच अनुकरण करून व्हरांडा कापला, तर आपल्याकडची उत्तम जागाच हातची जाईल. प्राथमिक शाळांना किमान सोयी देण्यासाठी निघालेल्या केंद्र सरकारच्या 1987 च्या खडू-फळा मोहिमेने दोन खोल्यांसोबत ऐसपैस व्हरांडा मागितला होता, आणि सरकारी कागदातले तेवढे एक वाक्य मला मनापासून आवडते.

दुसरे असे, की हर्टफर्डशायरमध्ये सव्वाआठ फुटांच्या चौकटीत बसणारे लोखंडी खांब, तुळया आणि भिंतींचे तक्ते कारखान्यातून येत. म्हणजे सुटे भाग ठरलेले, पण प्रत्येक शाळेचा नकाशा त्या जागेसाठी वेगळा. आपण नेमके उलटे केले. आपला प्रत्येक भाग गवंड्याच्या हातावर ठरतो, कोपरा काटकोनात येईल की नाही याचा भरवसा नाही, आणि नकाशा मात्र सातपुड्याच्या पायथ्यापासून गिरणेच्या काठापर्यंत एकच! ओव्हरसियर साहेबांनी ‘गुलाम’ हा शब्द मनाला लावून घेतला, पण नकाशाला त्यांनी एकदा तरी हात लावला होता का, हे त्यांनी सांगितलेले नाही.

आणि उन्हातल्या शिक्षणसंस्थेचा नमुनाच हवा असेल तर इंग्लंडला कशाला जायचे? वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे हे कोकणातल्या आचऱ्याचे, जन्म 1916 चा. हार्वर्डमध्ये ते जगप्रसिद्ध जर्मन वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले. याच ग्रोपियस यांनी मॅक्सवेल फ्राय यांच्यासह इंग्लंडमधली इंपिंग्टनची प्रसिद्ध शाळा उभारली होती. कानविंदे यांनी कानपूरच्या आयआयटीत काँक्रीटचा सांगाडा आणि विटांच्या भिंती वापरल्या आणि इमारती सावलीच्या मार्गांनी एकमेकींना जोडल्या. कानपूरचा उन्हाळा आपल्याला अनोळखी वाटू नये.

बाईंची वही (चोपडा तालुका)

आयआयटीत मोठी मुले शिकतात, कर्कटक. माझ्याकडे 46 मुले, चार इयत्ता आणि दोन शिक्षक आहेत. म्हणूनच मला फिनमिअर महत्त्वाचे वाटते. ऑक्सफर्डशायरमधल्या त्या खेड्यात मेड यांनी 1959 च्या सुमारास शाळा उभारली, ती जेमतेम 50 मुलांची. नकाशा काढण्याआधी हे दोघे चालू वर्गांत जाऊन बसले, शिक्षक आणि सल्लागार बाईंशी बोलले, मुले कुठे जमतात आणि कुठे कंटाळतात ते त्यांनी पाहिले. मग दोन वर्गांच्या मध्ये भिंतीऐवजी घडीचे दरवाजे ठेवले, म्हणजे हवे तेव्हा दोन खोल्या आणि हवी तेव्हा एक.

माझे सहकारी बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले, की मी दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहून चार इयत्ता सांभाळते. तोंड पहिली-दुसरीकडे केले की पाठीमागे तिसरी-चौथी बाजार भरवते. माझा डावा खांदा त्या चौकटीला टेकून टेकून तिथला रंग गेला आहे. मला काच नको, इंग्लंड नको, धाबेही नको. मला ती एक नऊ इंची भिंत उघडता यायला हवी.

तापीकाठचा ओव्हरसियर (भुसावळ)

बाई, घडीच्या दरवाजांना आपल्याकडे दोन वर्षांत वाळवी लागेल. लोखंडाचे केले तर ओढताना जो आवाज होईल, तो पत्र्यावरच्या पावसालाही मागे टाकेल. आणि गोंगाटाचे काय? इंग्लंडमध्ये 1970 नंतर कित्येक शिक्षकांनी याच मोकळ्या वर्गांत कपाटे आडवी लावून पुन्हा भिंती तयार केल्या.

बाईंची वही (चोपडा तालुका)

वाळवीचा बंदोबस्त अभियंत्याने सांगायचा, शिक्षिकेने नव्हे. आणि कपाटे लावणाऱ्या शिक्षकांना निदान कपाटे मिळाली होती. खिडकीच्या प्रश्नाचे उत्तर अद्याप आलेले नाही.

तापीकाठचा ओव्हरसियर (भुसावळ)

उत्तर तयार होते: खाली खिडकी ठेवली तर शेळ्या आत येतात, मुलांचे लक्ष उडते, आणि सुटीत कोणी गज वाकवतो. परवा हेच टंकित करत होतो, पण पाठवले नाही. काल सकाळी नातवाच्या दुचाकीवर बसून 1988 साली मी स्वतः उभ्या केलेल्या एका खोलीकडे गेलो. गाव सांगत नाही. व्हरांडा शाबूत आहे, छत गळत नाही, हे खारी माती यांनी नोंदवून ठेवावे. वर्गात गुरुजींची परवानगी घेऊन बसकरपट्टीवर बसलो. गुडघ्यांनी नकार दिला, तरी बसलो. मी मोठा माणूस, मलासुद्धा पिंपळाची वरची अर्धी फांदीच दिसली.

खिडकीखाली भिंतीला लागून चार विटा रचलेल्या होत्या. मुलांनीच रचलेल्या. पाय घासून घासून त्यांचे कोपरे गोल झाले होते, आणि बरोबर त्यांच्या वर, कडप्प्याच्या कडेला, हनुवट्या टेकून टेकून चकाकी आलेली होती. गुरुजी म्हणाले, की ते दर सोमवारी विटा बाहेर ठेवतात आणि बुधवारपर्यंत त्या परत येतात.

तेव्हा खिडकी दीड फुटावर हवी होती, बाहेर गज आणि वर खोल छज्जा ठेवून, हे मान्य करतो. कर्कटक यांच्या प्रश्नाचेही उत्तर देतो: नकाशाला मी हात लावला नाही, कारण मंजूर नकाशात फेरबदल केला की देयक अडकते. काचेबद्दल माझे मत तसूभरही बदललेले नाही. लेखकाने वैशाखात भुसावळला यावे, कळण्याची भाकरी आणि ठेचा मी खाऊ घालीन आणि मग दुपारी दोन वाजता आपण काचेवर बोलू.

खारी माती (अमळनेर)

आणि छत?

तापीकाठचा ओव्हरसियर (भुसावळ)

छतासाठी आपण वेगळा धागा काढावा. मी तिथे येईन.