मदत हवी आहे: १९२४ चं बेळगाव अधिवेशन मुलांनी कॉम्प्युटरवर उभं केलंय, पण अंदाज आणि पुरावा वेगळे कसे ठेवायचे?

नमस्कार मंडळी,

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात समाज विज्ञान शिकवते. नववीत एकतीस मुलं आहेत. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले अकरा जुने कॉम्प्युटर आहेत, त्यातले नऊ चालतात. नेट नाहीच म्हटलं तरी चालेल. गेल्या पावसाळ्यात पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्यानं सगळ्या मशिनांवर लुआंटी घालून दिलं. पूर्वी त्याला माइनटेस्ट म्हणत. फुकट आहे, ठोकळ्यांचं जग आहे, एका मशिनवर सुरू केलं की बाकीची आठ वायरनं त्याच जगात येतात. नेट लागत नाही, आमच्यासाठी तेच मोठं.

त्यात आम्ही किल्ला बांधायचा असं आधी ठरवलं होतं. मुलांना तोच हवा होता. मग मीच विचार केला, किल्ला तर आजही उभा आहे, सहलीला नेऊन आतलं जैन मंदिर, कमल बस्ती, दाखवता येतं, छताचं कमळ बोट करून दाखवता येतं. कॉम्प्युटरवर जे उरलेलं नाही तेच उभं करावं. आणि आमच्या भागात असं एकच मोठं आहे: टिळकवाडीतलं काँग्रेसचं अधिवेशन. २६ आणि २७ डिसेंबर १९२४. महात्माजी अध्यक्ष होते, आयुष्यात एकदाच, ते इथं. त्या जागेला विजयनगर असं नाव दिलं होतं. मांडव, तंबू, बाजार, सगळं तात्पुरतं गाव, अधिवेशन संपल्यावर उठलं. मागं राहिली ती विहीर, तिला तेव्हा पंपा सरोवर म्हणत. तिथलं वीरसौध हे स्मारक नंतरचं. शताब्दीच्या वेळी मुलांनी शहरात कमानी बघितल्या होत्या, त्यामुळं ओळख होतीच.

मुलांना घेऊन गेले, विहीर फीत धरून मोजली, वही भरली. मग आठवड्याला दोन तास असं करत तीन महिन्यांत गाव उभं राहिलं. काही तास असे झाले की मी शिकवणं थांबवून नुसती बघत राहिले. एक सांगते. बेळगावच्या ठरावात सभासदांसाठी अट होती, महिन्याला २००० वार हातसूत द्यायचं, स्वतः कातलेलं किंवा कातून घेतलेलं. पुस्तकातला हा आकडा मुलांच्या कानावरून निसटून जातो. लुआंटीत एक ठोकळा एक मीटर धरतात. २००० वार म्हणजे १८२९ मीटर. दोघींनी मधल्या सुट्टीत पांढऱ्या ठोकळ्यांची रेघ ओढली, विहिरीपासून सरळ, पार मोकळ्या माळावर. मग सगळ्यांनी ती चालून बघितली. साडेसात मिनिटं लागली. एक पोरगा म्हणाला, "बाई, एवढं सूत एका म्हैन्याला? हातानं?" दुसऱ्या दिवशी एकानं आजीची टकळी आणली. तासभरात वीतभर चांगलं सूत निघालं नाही, तुटतच राहिलं. कायदेमंडळात जाणाऱ्या काँग्रेसमधल्याच स्वराज पक्षाशी तडजोड, सुताची अट कुणाला नको होती आणि का नको होती, हे मग मला वेगळं समजवावं लागलं नाही.

आता अडचण.

तंबू किती होते, बाजार कुठल्या बाजूला, मुख्य मांडवाची लांबी किती, स्वयंपाकघर कुठं, हे ठोकळा ठेवायचा म्हटलं की ठरवावंच लागतं. पुस्तकात "मोठा मांडव" लिहून पुढं जाता येतं, इथं जाता येत नाही. म्हणून मी नियम केला: जे पुराव्यानं माहीत आहे ते लाकूड-दगडाचं, जे अंदाजाचं ते काचेचं. मुलांनी लगेच उचललं, "काचेचं ते अंदाजाचं" हे वर्गात म्हणच झालं. पण विहीर आणि आणखी थोडं सोडलं तर अख्खं गाव काचेचं झालं. मुलांना ते बघवेना. मी नसताना पोरं काच काढून सागवान घालू लागली. "बाई, छान दिसत नाही वो." आणि त्यातल्या एकानं परवा सहामाहीच्या पेपरात लिहिलं की स्वागताच्या कमानीजवळ चाळीस तंबूंची रांग होती. चाळीस का, तर ती रांग त्यानंच बांधली होती. मला रात्रभर झोप नाही. मी मुलांच्या डोक्यात इतिहास घालते आहे की माझंच बांधकाम?

तर विचारायचं ते असं. एक, अंदाज दिसेल पण मुलांना खटकणार नाही अशी काही युक्ती कुणी केली आहे का? दोन, मुलं पाट्या लिहितात त्या मराठीत नीट दिसत नाहीत, "विजयनगर"मधल्या "वि"ची वेलांटी "व"च्या उजवीकडं जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. इंग्रजी पाट्या मला नको आहेत. तीन, एकानं खोदलं की दुसऱ्याचं पडतं, भांडणं होतात. चार, पालक. पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे दहावीची बोर्डाची परीक्षा, आणि "बाई गेम खेळवतात" हे गावभर झालंय. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, बैठकीत काय दाखवू?

आणखी एक गोष्ट मनात आहे, ती मदतीपेक्षा सल्ल्याची. त्याच दिवसांत बेळगावातच कर्नाटक एकीकरणाची पहिली परिषद झाली, सिद्दप्पा कंबळी अध्यक्ष होते. गंगूबाई हनगल तेव्हा अकरा वर्षांच्या, त्यांनी अधिवेशनात स्वागतगीत गायलं. स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे हुदलीचे. हे सगळं आमच्या मराठी मुलांच्या गावात यायलाच हवं असं मला वाटतं. एका सहशिक्षकांनी "ते कशाला काढता, पालक काय म्हणतील" असं सुचवलं. मला गाळायचं नाही. पण कसं मांडू?

— धागाकर्ती


प्रतिसाद १, खाडीपल्याड

बाई, तांत्रिक भाग मी घेतो. मी मूळचा अनगोळचा, आता मुंबईत सर्व्हरचं काम करतो.

भांडणं: लुआंटीत प्रत्येक खेळाडूला परवानग्या असतात. त्यातली "इंटरॅक्ट" ही काढून घेतली की माणूस फिरू शकतो, बघू शकतो, पण खोदू किंवा ठेवू शकत नाही. बांधायच्या तासाला ज्या गटाची पाळी त्यालाच द्या, बाकीचे पाहुणे. "फ्लाय" कुणालाच देऊ नका, उडता आलं की मुलं चालत नाहीत, आणि तुमचा सुताचा तास चालण्यामुळंच झाला. मशीन अडखळत असेल तर सेटिंगमध्ये किती लांबपर्यंत दिसावं तो आकडा कमी करा, जुन्या मशिनला त्याचा सगळ्यात जास्त फरक पडतो. आणि शनिवारी जगाचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. रोज नको, पण शनिवार चुकवू नका.

पाट्या: लुआंटीला देवनागरी अक्षरं जुळवता येत नाहीत, ती तुमची चूक नाही. पाटीवर मजकूर टाइप करू नका. मुलांना कागदावर हातानं लिहू द्या, मोबाईलनं फोटो काढा, चौकोनी कापा, आणि तो फोटो ठोकळ्याचं चित्र म्हणून लावा. त्यासाठी एक छोटा मॉड, म्हणजे खेळाला जोडायचा प्रोग्राम, लागतो, वीसेक ओळींचा. मी लिहून देतो, तुमच्या त्या विद्यार्थ्याला इथं यायला सांगा. मुलांचं स्वतःचं अक्षर गावात दिसेल.


प्रतिसाद २, निवृत्त मास्तर, निपाणी

मॅडम, तुमचा धागा दोनदा वाचला. तीस वर्षं इतिहास शिकवला, पण अंदाज आणि पुरावा यांच्यातली ही काच मी मुलांना कधी दाखवली नव्हती. ती काढू नका.

फक्त नियम उलटा करून बघा. काच ही शिक्षा वाटते म्हणून मुलं चोरून बदलतात. तिला काम द्या. जो मुलगा पुरावा आणेल त्यालाच ती काच काढून लाकूड घालायचा हक्क. पुरावा म्हणजे छापील ओळ, फोटो, कुणा जुन्या माणसाची सांगितलेली आठवण, पण ती आठवण म्हणून वेगळ्या रंगाच्या लाकडात, कारण ऐकीव आहे. सोबत "पुरावा वही" ठेवा: कुठली भिंत, कशावरून, कुणी आणलं, तारीख. चाळीस तंबू लिहिणाऱ्या मुलाला रागावू नका. त्याला वहीत ती रांग शोधायला सांगा, त्याचं त्यालाच कळेल.

सुरुवात कुठून करायची तर गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचा पंचविसावा खंड घ्या. ऑगस्ट १९२४ ते जानेवारी १९२५ चं सगळं त्यात येतं, अध्यक्षीय भाषणसुद्धा. इंग्रजी आहे, पण तुम्ही चार उतारे मराठीत सांगू शकाल. एक विनंती मात्र आग्रहाची आहे. गावात गांधीजींचा पुतळा चालता-बोलता करू नका. मुलं त्याच्या तोंडी काहीही घालतील आणि ते पाठ होईल. तिथं त्यांची छापलेली वाक्यंच पाटीवर ठेवा.


प्रतिसाद ३, कडोलीकर

मास्तरांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. पात्रं काढून टाकली की गाव रिकामं दिसतं आणि मुलं पुन्हा पळापळीवर येतात. गांधीजी नकोत, पण स्वयंसेवक चालेल, पाणी शेंदणारी बाई चालेल. ना. सु. हर्डीकरांचं सेवादल तिथं होतं, त्यातला एक निनावी पोरगा वाटा सांगू दे. फक्त तो आपण कल्पलेला आहे हे त्याच्या डोक्यावर काच ठेवून दाखवा!

आणि एक. तुमच्या तासाला सहलीचं रूप आहे, प्रश्नाचं नाही. अमेरिकेत हार्वर्डच्या ख्रिस डीड यांच्या गटानं रिव्हर सिटी नावाचं असंच आभासी शहर केलं होतं. एकोणिसाव्या शतकातलं शहर, लोक आजारी पडतायत, का पडतायत ते मुलांनी तिथल्या माणसांना विचारून, पाणी तपासून शोधायचं. तो विज्ञानाचा तास होता, पण शिकण्यासारखं हे की मुलांना आधी प्रश्न मिळाला होता. तुम्हाला प्रश्न हातातच आहे: एवढ्या लोकांना पाणी कुठून? विहीर खणायला लागली ती त्यासाठीच ना. पाणी, जेवण, घाण कोण उचलणार, रात्री उजेड. मुलांना अधिवेशन चालवायला लावा.

एकीकरणाच्या परिषदेबद्दल मला एवढंच म्हणायचंय, गाळू नका. माझी आई कन्नड शाळेत शिकली, वडील मराठी. आमच्या घरात दोन्ही बाजूंनी दोन वेगळ्या गोष्टी ऐकायला मिळाल्या आणि दोन्हीकडं अर्ध्याच. जवळच्या कन्नड शाळेच्या नववीला एक तास बोलवा. त्यांनी परिषदेचा कोपरा बांधावा, पाटी कन्नडमध्ये त्यांच्या अक्षरात. नियम तोच, पुरावा नसेल तर काच.


धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच वर्गात पुरावा वही सुरू केली. पहिलं पान त्याच चाळीस तंबूवाल्या पोरानं घेतलं. तासभर शोधून, काही न मिळाल्यावर स्वतःच रांग काचेची केली आणि वहीत लिहिलं, "मी बांधले, पुरावा नाही." मी काहीच बोलले नव्हते.

मास्तर, गांधीजी काढले. कडोलीकर, पाणी शेंदणारी बाई ठेवली, डोक्यावर घागर आणि घागरीवर काच. कन्नड शाळेच्या सरांशी फोनवर बोलले, ते लगेच हो म्हणाले, फक्त बस कुणी करायची यावर अडलंय.

एसडीएमसीच्या बैठकीत कॉम्प्युटर दाखवणार नाही असं ठरवलं. टकळी आणि पुरावा वही घेऊन जाणार, आणि पालकांनाच सूत कातायला देणार.

खाडीपल्याड, तो मॉड लिहून द्याच, मुलगा आज संध्याकाळी इथं येईल.

आता सगळ्यांना एकच विनंती. बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर, कुणाच्या घरी भिंतीवर किंवा पेटीत त्या डिसेंबरचा फोटो असेल, आजोबांचं एखादं पत्र असेल, तर मोबाईलवर काढून इथं लावा. फोटोत माणसं कोण हे कळलं नाही तरी चालेल, मागचा मांडव दिसला तरी पुष्कळ. मुलांना आधी विहिरीच्या आसपासचं हवं आहे. तिथली काच त्यांना सगळ्यात आधी काढायची आहे.