सोसायटी ग्रुप: आबांचा स्टिरिओ कोणाच्या हाती द्यायचा?

शनिवार

ए-४०३: नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये जुने स्टिरिओ नीट दुरुस्त करणारं भरवशाचं कोणी माहीत आहे का? आबांचा पायोनियरचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, काकांनी १९८० साली दुबईहून आणलेला. सोबत गॅरार्डचं टर्नटेबल, ते त्याच्याही आधीचं. टर्नटेबल चालू केलं की रडतखडत फिरतं. अ‍ॅम्प्लिफायरची उजवी बाजू बंद आहे, डावी खरखरते. आबा आता ८१ वर्षांचे आहेत. रोज सकाळी देवपूजा झाली की दोन्हीवरची धूळ पुसतात आणि पुन्हा कापड घालून ठेवतात. ते बघवत नाही.

ए-४०३: आधीच सांगते, गेल्या वर्षी एका दुकानात दिला होता. दुकानाचं नाव लिहीत नाही. दीड महिना ठेवून घेतला. परत आणला तेव्हा वाजला, आठव्या दिवशी उजव्या स्पीकरमधून फट्‌ आवाज आला आणि जळका वास. काय बदललं होतं ते बिलावर नव्हतं. काढलेले पार्ट मागितले तर म्हणे फेकून दिले. म्हणून या वेळी विचारून, पारखूनच द्यायचा आहे.

बी-१०२: ताई, आतलं सगळं काढून ब्लूटूथचा बोर्ड बसवून देतात. बाहेरून खोकं तेच राहतं. माझ्या मेहुण्यांनी तसं करून घेतलंय, मोबाइलवरून मस्त वाजतं.

ए-४०३: दादा, सुचवल्याबद्दल आभार, पण तसं नको. आबांना तोच आवाज हवाय. संध्याकाळी मारवा लावायचा आणि घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, असं आमचं लहानपण गेलंय.

सी-५०१: मी एचएएलला, ओझरच्या विमान कारखान्यात, एव्हिऑनिक्समध्ये (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये) होतो. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. आता डोळे आणि हात सोल्डरिंगला साथ देत नाहीत, नाहीतर मीच बसलो असतो. पण माणूस कसा पारखायचा ते सांगू शकतो. थोडं लांबेल.

ए-४०३: काका, लांबू द्या. मला तेच हवंय.

सी-५०१: पहिलं, तुमच्या स्पीकरचं काय झालं ते. आउटपुट ट्रान्झिस्टर, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणारा पार्ट, शॉर्ट झाला की अ‍ॅम्प्लिफायरच्या आतला डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) सरळ स्पीकरमध्ये जातो आणि कॉइल जळते. तो वास त्याचाच. जुन्या जपानी ट्रान्झिस्टरच्या नावाने बाजारात खोट्या छापाचे भरपूर मिळतात. वरून नंबर तोच, आतली सिलिकॉनची चकती लहान. हळू आवाजात टिकतात, थोडा जोर आला की जातात. तुमच्याकडे तेच झालं असेल असं छातीठोक म्हणत नाही, पण आठ दिवसांत जाणं हे लक्षण तसंच आहे.

सी-५०१: म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: पार्ट कुठून आणता? आणि काढलेले परत द्याल ना? या दोन प्रश्नांवर जो चिडतो, तिथून सेट उचलायचा आणि निघायचं.

सी-५०१: दुसरं, तो सेट थेट प्लगमध्ये घालतो का ते बघा. जाणता माणूस आधी सिरीज बोर्डवर लावतो. ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब सेटच्या आधी सिरीजमध्ये असतो. चालू करताना बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. बल्ब करंट अडवतो, सेट वाचतो. एलईडी बल्बने हे होत नाही, तारेचाच लागतो.

बी-३०४: काका, हे घरी करता येईल का?

सी-५०१: बोर्ड करता येईल, पण झाकण उघडायचं नाही. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो. शॉक बसतो, आणि जोरात बसतो.

सी-५०१: तिसरं. दुरुस्ती झाल्यावर स्पीकर जोडण्याआधी त्याने स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावून डीसी मोजून दाखवला पाहिजे. दहा-वीस-तीस मिलिव्होल्ट आले तर चालतं. अर्धा-एक व्होल्ट आला तर स्पीकर जोडूच द्यायचा नाही. आणि नुसता वाजवून दाखवला म्हणजे झालं असं नाही. चार-पाच तास चालू ठेवून, तापल्यावर पुन्हा मोजायला हवं. बरेच दोष गरम झाल्याशिवाय बाहेर येत नाहीत. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला डाख, तर हमखास.

अ‍ॅडमिन: सूचना: उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई, पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या, मीही वाचतोय. आमच्याकडे वडिलांचा टेपरेकॉर्डर पडून आहे.

सी-५०१: टेपरेकॉर्डरचे बेल्ट बघा आधी. जुने रबरी बेल्ट विरघळून डांबरासारखे चिकटतात. चालू करू नका तोवर. आणि ए-४०३, अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे व्होल्टेजची चकती असेल, ती कशावर आहे?

ए-४०३: पाहून आले. ११०, १२०, २२०, २४० आहे. बाण २२० वर.

सी-५०१: प्लग काढून २४० वर करा. माझ्याकडे रात्री उशिरा मीटरवर २४५ दिसतात. चाळीस वर्षांच्या कॅपॅसिटरांना तो जादा ताण कशाला.

बी-३०४: काका, माझंही एक विचारतो. न्यू जर्सीहून येताना जुनं टर्नटेबल आणलं. ११० चा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय, तरी सगळे गायक खालच्या पट्टीत गातात. ट्रान्सफॉर्मर खराब आहे का?

सी-५०१: ट्रान्सफॉर्मर चांगला आहे. तो व्होल्टेज बदलतो, सायकल (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) बदलत नाही. तिकडे ६० हर्ट्‌झ, इकडे ५०. अशी मोटर सायकलवर चालते, म्हणजे वेग सहाला पाच. एलपी तबकडी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या फिरायला हवी, तुमच्याकडे ती अठ्ठावीसच्याही खाली जाते. मोटरवरची पुली थोडी मोठ्या व्यासाची हवी. अंबडला एखाद्या लेथवाल्याकडून पितळेची करून मिळेल, मापं मी काढून देतो.

बी-३०४: तीन लोकांना दाखवलं, सगळे मोटर बदला म्हणत होते. 🙏

ए-१०१: मुलांनो, मी आजी. माझ्याकडे गायक द. वि. पलुस्करांच्या चार तबकड्या आहेत, जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. ते आपल्या नाशिकचेच, १९२१ चा जन्म. ए-४०३ चं यंत्र सुरू झालं तर त्यावर लागतील का?

ए-४०३: आजी, आमच्यावर ७८ ची खूण आहे. नक्की लावू.

सी-५०१: थांबा, सुई बघून. एलपीच्या सुईने ७८ वाजवायची नाही. जुन्या तबकडीची खाच रुंद असते. एलपीच्या सुईचं टोक तिच्या मानाने चौथ्या भागाएवढं, ते खाचेच्या तळाशी घासत जातं. खरखर जास्त आणि नुकसान दोघांचं. गॅरार्डच्या दांडीची पुढची टोपी, जिच्यात सुई असते, ती सुटी निघते, तिच्यात ७८ ची सुई वेगळी बसवता येईल. आजी, तोवर तबकड्या उभ्या ठेवा, एकीवर एक आडव्या नको. पडू देऊ नका, लाखेच्या असतात, काचेसारख्या फुटतात.

ए-१०१: उभ्याच आहेत हो. साडीत गुंडाळून.

डी-२०३: आता माझं. भद्रकालीत एक गृहस्थ आहेत. माझ्या सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा मर्फी रेडिओ त्यांनीच केला, अजून चालतो. पाटी नाही, घराच्या पुढच्या खोलीतच काम करतात. नंबर ग्रुपवर टाकत नाही, त्यांना विचारून ताईंना वैयक्तिक पाठवते. एकच सांगते, वेळ लावतात. घाई केली तर सेट परत देतात.

सी-५०१: घाईला नाही म्हणणारा असेल तर आधी टर्नटेबल द्या, अ‍ॅम्प्लिफायर नंतर. लहान कामात माणूस कळतो. वाटलं तर पहिल्या दिवशी मी येतो सोबत.

सोमवार

ए-४०३: काकांना घेऊन जाऊन आले. सगळ्यांना सविस्तर सांगते, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. गेल्यावर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, शेवटचं कधी वाजवलं, तेव्हा नेमकं काय झालं, मध्ये कोणी उघडलं होतं का. दुकानाची गोष्ट सांगितली तर त्या दुकानाबद्दल एक शब्द वाईट बोलले नाहीत. म्हणाले, बघू काय करून ठेवलंय.

ए-४०३: सिरीज बोर्ड भिंतीवर टांगलेला होता. काका माझ्याकडे बघून नुसते हसले. टर्नटेबलचं निदान तिथेच झालं: आतलं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालंय, आणि मोटरकडून ताटाला फिरवणारी रबरी चकती कडक होऊन तिला एका जागी खळगा पडलाय. चाक दाबलेल्या स्थितीत वर्षानुवर्षं बंद राहिलं की असं होतं म्हणे.

ए-४०३: स्पीकरचं मात्र सरळ सांगितलं, "कॉइल भरणं माझं काम नाही, मी घेणार नाही. तो वेगळा कारागीर." मला त्या वाक्याने सगळ्यात जास्त धीर आला. तपासणीचे २०० रुपये घेतले, वहीच्या पानावर पार्टांची यादी लिहून दिली, खाली सही.

सी-५०१: मला त्यांचं टेबल आवडलं. प्रत्येक सेटचे स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी. जुना ऑसिलोस्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे आणि तो वापरात आहे, त्याच्यावर धूळ नव्हती.

दोन आठवड्यांनी, रविवार

ए-४०३: टर्नटेबल घरी आलं! जुनी रबरी चकती, वाळलेलं ग्रीस कागदात, सगळं पिशवीत घालून परत दिलं त्यांनी.

ए-४०३: वेग आबांनीच तपासला. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा ठेवला आणि घड्याळ लावून फेऱ्या मोजत बसले. तीन मिनिटांत शंभर फेऱ्या यायला हव्यात. पहिल्यांदा ९९ मोजल्या, म्हणाले मीच चुकलो असेन. दुसऱ्यांदा बरोबर शंभर.

बी-३०४: हे मीही करतो आज. काकांनी मापं दिली, पुली आली माझी.

ए-१०१: आबांना नमस्कार सांग. अ‍ॅम्प्लिफायर कधी?

ए-४०३: आजी, तोही दिला कालच. उघडल्यावर उजवीकडचे दोन्ही ट्रान्झिस्टर खोट्या छापाचेच निघाले, फोडून आतली चकती दाखवली मला. डावीकडचे मूळचे आहेत आणि ठणठणीत आहेत, ते हलवणार नाहीत. खरखर व्हॉल्यूम कंट्रोलची होती, ती साफ करून गेली. चांगले ट्रान्झिस्टर त्यांच्याकडे जपून ठेवलेले आहेत. फक्त मोठे दोन फिल्टर कॅपॅसिटर हवेत, ते नाशिकमध्ये मनासारखे मिळेनात. या आठवड्यात मुंबईला कोणी जाणार आहे का? लॅमिंग्टन रोडला मिळतील असं ते म्हणाले.

बी-१०२: ताई, मी बुधवारी पंचवटीने जातोय. काम ग्रँट रोडलाच आहे, दुपारी मोकळा होईन. नीट लिहून पाठवा, मला यातलं कळत नाही.

ए-४०३: दादा, फार उपकार. त्यांच्या चिठ्ठीवरून जसंच्या तसं लिहिते: १०,००० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्ट, १०५ डिग्रीचे, दोन नग, एकाच कंपनीचे. व्यास ३५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर जुन्या पट्टीत बसणार नाहीत.

सी-५०१: बिल घ्या. आणि दुकानात पट्टीने व्यास मोजूनच पैसे द्या. माझी स्टीलची पट्टी मंगळवारी रात्री तुमच्याकडे आणून देतो.

बी-१०२: चालेल काका. नऊनंतर घरीच आहे.