मदत हवी आहे: अभ्यासिका आणि बागेसाठी दिलेली शेतजमीन

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत थोरल्या काकांना खाडीकाठची भातजमीन गावाला द्यायची आहे. मुलांसाठी अभ्यासिका-संगणकवर्ग आणि बाजूला सर्वांसाठी बाग. जमीन पडीकच आहे. गडग्याचे चिरे ढासळलेत, पण बांधावरचे दोन रायवळ आंबे अजून धरतात. ते तोडायचे नाहीत, ही काकांची एकमेव अट.

घोडं अडलंय कागदांवर. सातबाऱ्यावर काकांसोबत चुलत भावंडांची सामाईक नावं (कोकणात दुसरं काय असणार!). निम्मी मंडळी मुंबईत, तोंडी सगळ्यांचा होकार. आधी वाटप करून घ्यावं, की सगळ्यांनी मिळून एकच बक्षीसपत्र नोंदवावं?

दुसरं, 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन बक्षीस द्यायलाही परवानगी लागते. मग नवा ट्रस्ट काढण्यापेक्षा थेट ग्रामपंचायतीला देणं सोपं पडेल का? मला ट्रस्ट बरा वाटतो, पंचायतीत दर पाच वर्षांनी माणसं बदलतात.

खाडी जवळ म्हणून सीआरझेडचंही (किनारा-खाडीलगतच्या बांधकामावरचे निर्बंध) बघावं लागेल. इमारत वरच्या अंगाला, बाग खाली, असा विचार आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणी असं काम तडीस नेलंय का? सुरुवात तलाठ्याकडून करावी की वकिलाकडून?