जुन्या व्हॅनची कूलिंग सिस्टिम धुताना काय काय निघालं? अनुभव सांगा

मंडळी, परवा माझ्या वीस वर्षांच्या व्हॅनचं रेडिएटर रिकामं केलं. हिरवं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) निघेल असं वाटलं होतं; निघाला तांबडा चिखल, चहाचा गाळ बसावा तसा घमेल्याच्या तळाला बसलेला. गाडीची तक्रारही विचित्र आहे: मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा वर चढतच नाही, आणि गर्दीत अडकली की थेट लाल रेघेकडे. नळाच्या पाण्याने तीनदा धुतलं, तरी पाणी अजून गढूळच. तुमच्यापैकी ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी लिहा. फसलेलं असेल तर आधी लिहा.

खटारावाला
फसलेलंच सांगतो. हीटरची कळ ‘गार’वर ठेवून मी सगळी सिस्टिम धुतली. आमच्या व्हॅनमध्ये कळ गारवर असली की हीटरकडे जाणारा वॉल्व्ह बंद. म्हणजे रेडिएटर आणि इंजिन लख्ख, आणि हीटर कोअरमध्ये (डॅशबोर्डमागचं छोटं रेडिएटर, त्यातून केबिनला ऊब मिळते) जुना गाळ तसाच. नवीन कूलंट भरून महिना झाला नाही तोच तेही तपकिरी. दुसऱ्यांदा कळ पूर्ण ‘गरम’वर केली, हीटरचे दोन्ही होस (रबरी नळ्या) काढले आणि बागेच्या नळीने उलट्या बाजूने पाणी सोडलं. नळ जेमतेम उघडा ठेवा. जुन्या कोअरला जोराचं पाणी सोसत नाही. तो फुटला तर डॅशबोर्ड खोलावा लागतो. आधी काळे तुकडे आले, मग गंज, मग बराच वेळ नुसतं चहासारखं पाणी. चिकाटी ठेवा.

तिसरा गिअर
इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही होतं. मनगटावर डाग आहे अजून. सिस्टिममध्ये दाब असतो म्हणून पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं, दाब गेला की सगळं एकदम उकळून अंगावर.

पाना-पक्कड
माझी फोक्सवॅगन टी-३. इंजिन मागे, रेडिएटर पुढे, मध्ये गाडीखालून लांबच लांब पाइप. पंधरा लिटरच्या वर कूलंट लागतं, आणि त्यात हवा अडकली की संपलंच. पहिल्यांदा सपाट जमिनीवर भरलं आणि टाकी भरलेली बघून खूश झालो. दहा मिनिटांत काटा वर, पण पुढचं रेडिएटर हाताला थंडगार! नंतर गाडीचं नाक जॅकने वर घेऊन खाली स्टँड लावले, पुढची जाळी काढून रेडिएटरच्या वरचा हवेचा स्क्रू सैल केला आणि मित्राला मागे कूलंट ओतत रेस धरायला लावलं. फुस्स, मग फेस, मग थुंकल्यासारखे थेंब, आणि शेवटी करंगळीएवढी अखंड धार. ती धार दिसेपर्यंत स्क्रू बंद करू नका. सीटखाली इंजिन असलेल्या व्हॅनलाही अशी हवा धरण्याची खोड असते.

रिकामी_बादली
खटारावाला दादांच्या पद्धतीत एक भर. धुतल्यावर इंजिन ब्लॉकमध्ये बरंच पाणी उरतं, सगळं निथळत नाही. माझ्या गाडीची क्षमता आठ लिटर. मी कूलंट आणि पाण्याचं अर्धं-अर्धं मिश्रण बाहेर तयार करून ओतायला गेले तर पाचच लिटर मावलं! म्हणजे कूलंट फक्त अडीच लिटर, तीस टक्क्यांच्या आसपास. आता उलट करते: आधी चार लिटर निव्वळ कूलंट, मग मावेल तेवढं डिस्टिल्ड पाणी. शेवटची धुवणही डिस्टिल्डचीच, नाहीतर नळाच्या पाण्यातले क्षार आतच राहतात. आणि रंगावर जाऊ नका. तोच रंग वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या रसायनाला देतात. मॅन्युअलमध्ये कोणता प्रकार लिहिलाय तो बघा.

धूर_धूर
मी रेडिएटरमध्ये गंज काढणारा क्लीनर टाकून अर्धा तास गाडी चालवली. दुसऱ्या दिवशी वॉटर पंप गळायला लागला, आठवड्याने खालचा होस. क्लीनरला बोल लावला, पण खरं तर भोकं आधीचीच होती. गंजाने बुजलेली, एवढंच. धुण्याआधी होस दाबून बघा. क्लिपजवळ पिचपिचीत लागला तर आधी तो बदला.

मनीमाऊची_आई
घमेलं उघडं सोडून जेवायला जाऊ नका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मांजर-कुत्रं वाचणं कठीण. सांडलेलं लगेच धुवा. जुनं कूलंट गटारात ओतू नका, झाकणाच्या कॅनमध्ये भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्यांना विचारा.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. हीटरची कळ? अर्थातच गारवर होती! गरमवर करून उलटं पाणी सोडलं आणि दोन घमेली गंज निघाला. मग थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा वॉल्व्ह) बदलायला त्याचं हाउसिंग खोललं, तर आत काहीच नाही. आधीच्या मालकाने ‘गाडी तापते’ म्हणून तो काढूनच टाकलेला! म्हणून मोकळ्या रस्त्यावर इंजिन गरमच होत नव्हतं, आणि गर्दीत तापायचं ते चोंदलेल्या रेडिएटरमुळे. रोगी रेडिएटर, शिक्षा थर्मोस्टॅटला.

नवा बसवण्याआधी पातेल्यातल्या पाण्यात थर्मामीटर लावून उकळत ठेवला. थर्मोस्टॅटवर ८२ (अंश) छापलंय. ब्याऐंशी-त्र्याऐंशीला कडेने बारीक फट पडली, उकळी येईपर्यंत पूर्ण उघडला. बसवलाय. आता नाक वर करून हवा काढतोय, अजून फेसच येतोय.