डॉक्स वेगळे काढा, पण फेकू नका
"सगळं ऑनलाइन असतंच, पॅकेजमधे डॉक्स भरून जागा कशाला खायची" असं लिनक्सच्या सॉफ्टवेअर पॅकेजबरोबर येणाऱ्या डॉक्सबद्दल (म्हणजे डॉक्युमेंटेशन, मॅन्युअलं वगैरे) म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. ऑनलाइन समोर येतं ते बहुतेक वेळा लेटेस्ट व्हर्जनचं आणि आपल्या मशीनवर असतं जुनं, मग त्यात लिहिलेला ऑप्शन आपल्याकडे चालतच नाही आणि आपण तासभर डोकं आपटत बसतो (माझं झालंय, सर्व्हरवर नेटही नव्हतं, फोनवर बघून टाइप करत होतो).

खरा घोळ म्हणजे युजरचे आणि डेव्हलपरचे डॉक्स एकाच पोत्यात कोंबतात. मॅन पेजेसच (टर्मिनलवर 'मॅन' कमांडने उघडणारं मॅन्युअल) घ्या ना, सेक्शन 1 म्हणजे कमांड्स, ते सगळ्यांना लागतं, सेक्शन 3 म्हणजे लायब्ररी फंक्शन्स, ते कोड लिहिणाऱ्यालाच. डेबियन या लिनक्सवाले जड मॅन्युअलं '-डॉक' शेपटीच्या वेगळ्या पॅकेजमधे काढतात, ठीकच आहे, पण मला निक्स या पॅकेज मॅनेजरची पद्धत जास्त आवडते, एकाच बिल्डमधून मॅन (मॅन पेजेस), डॉक (युजरचे डॉक्स), डेव्हडॉक (डेव्हलपरचे) असे वेगळे आउटपुट काढता येतात, म्हणजे व्हर्जन जुळलेलंच राहतं आणि हवं तेवढंच उतरवायचं.

कंटेनरमधे (एखादं ॲप चालवायला लागतं तेवढंच भरलेला छोटा डबा) डॉक्स नकोत हे मान्यच, त्यासाठी पॅकेज बसवणाऱ्या टूल्समधे ऑप्शन आहेतच, डीएनएफला (फेडोरावाल्यांचं) नोडॉक्स आहे, डीपीकेजीला (डेबियनवाल्यांचं) पाथ-एक्स्क्लूड आहे. फक्त हे गुपचूप होऊ नये. नुसतं "नो मॅन्युअल एंट्री" बघून माणसाला वाटतं मॅन्युअल लिहिलेलंच नाही. उबुंटूच्या मिनिमल इमेजमधे मॅन चालवलं की निदान सांगतं तरी, की डॉक्स काढून टाकलेत, हवे असतील तर 'अनमिनिमाइझ' ही कमांड चालवा.